तारांकित भरती हवीच, पण तेवढ्याने भागत नाही

महोदय,

भरतीतज्ज्ञांनी पाचपैकी चार किंवा पाच तारे दिलेले शालेय खेळाडू ज्या विद्यापीठाने अधिक भरती केले, त्याचेच राष्ट्रीय विजेतेपद, हे अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलविषयीचे मत इथल्या मराठी कुटुंबांतही आग्रहाने मांडले जाते. त्यात तथ्य निश्चितच आहे. प्रशिक्षक निक सेबन यांच्या अलाबामा विद्यापीठाने २००९ ते २०२० या हंगामांत मिळवलेली सहा विजेतेपदे अव्वल भरतीवरच उभी होती, आणि जानेवारी २०२३ मधील अंतिम सामन्यात जॉर्जिया विद्यापीठाने टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा (टीसीयू) ६५-७ असा धुव्वा उडवला, तेव्हा दोन्ही संघांच्या राखीव फळीतील तफावतही उघडी पडली.

मात्र टेक्सास ए अँड एमचे उदाहरण नजरेआड करता येत नाही. २०२२ मध्ये या विद्यापीठाची भरती देशात पहिल्या क्रमांकाची ठरली आणि त्याच हंगामात संघाने बारापैकी सात सामने गमावले. तारे मुलाची शरीरयष्टी, वेग आणि शाळेतील कामगिरी सांगतात; प्रशिक्षक त्याला कसा घडवतील, हे सांगत नाहीत. लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारा, त्या हंगामात ६० टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास फेकणारा जो बरो हा आधीच्या ओहायो स्टेट विद्यापीठात पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, होऊ शकला नव्हता. २०२१ पासून संघ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अट शिथिल झाल्याने असे खेळाडू हेरणे आणि आपले टिकवणे, ही कामे मला शालेय भरतीइतकीच निर्णायक वाटतात.

– एक वाचक, अटलांटा