चाचणीची अट काढून टाक

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सरांचा बँड आता तू सांभाळणार, याचा मला फार आनंद आहे. पण यापुढे चाचणी घेऊनच वादक घ्यायचे, हे तू बँडच्या पत्रकात छापणार आहेस, ते काही केल्या पटत नाही. म्हणून लिहितोय.

सरांनी निवृत्तीनंतर बँड काढला तो शाळा सुटली आणि वाद्यही सुटलं, अशांसाठी. गाणारा घरी एकटा गाऊ शकतो. कॉर्नेटची, म्हणजे त्या छोट्या पितळी फुंकवाद्याची, तिसऱ्या वादकांसाठी लिहिलेली ओळ एकट्याने वाजवून बघ. नुसते लांब सूर आणि मधल्या मोकळ्या मात्रा. तिला अर्थ येतो तो शेजारी बसलेल्या माणसांमुळे. ती माणसं मिळाली नाहीत की वाद्य कपाटावर जातं.

ब्रास बँडच, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचाच बँड का, हेही त्यांनी विचार करून ठरवलं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गिरण्या-खाणींतल्या कामगारांनी असे बँड उभे केले. त्यांत बास ट्रॉम्बोन हे खालच्या सुरांचं वाद्य सोडलं तर सगळ्या सुरांच्या वाद्यांचं संगीत एकाच पट्टीखुणेत (कुठल्या रेघेवर कुठला सूर हे सांगणारी खूण) लिहितात आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी कळा दाबायच्या, वाद्यांवर बोटंही तशीच पडतात. कॉर्नेटवर ओठ बसेना तर माणूस युफोनियम या मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्याकडे जातो, वाचन पुन्हा शिकावं लागत नाही. उशिरा शिकणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली? रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी बँड सुरू केला, त्यात पूर्वी कधीच न वाजवलेलेही आले. सर हे उदाहरण आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत.

तुझ्याकडे आलेल्या कपाटात पेन्सिलीने लिहिलेल्या वह्या आहेत, त्या आधी उघड. प्रत्येक रचनेसाठी सरांनी नवशिक्यांची वेगळी ओळ लिहिली आहे, चार-पाचच सुरांची. ती दया म्हणून लिहिलेली नाही. खालचे लांब सूर भरलेले नसतील तर तुझा सोलो कॉर्नेट कितीही गोड असला तरी पोकळ वाटतो. सरांनी मागे काय ठेवलं असं कुणी विचारलं, तर मी या वह्याच दाखवीन.

बँड बेसूर होतो ही तुझी तक्रार खरी आहे. पण गार वाद्य खाली बोलतं आणि फुंकून तापलं की सूर चढतो. तू तालमीला आल्या आल्या सूर मिळवतेस. आधी वाद्यं तापू दे. मग सर करायचे तसं सगळ्यांना तो सूर गुणगुणायला लाव आणि त्यानंतर फुंकायला सांग. कान उघडले की निम्मं काम होतं.

अवघड रचना करायच्या असतील तर बँडमधूनच दहा-बारा जणांचा गट काढ आणि त्याला खुशाल चाचणी ठेव. मीही देईन, नापास झालो तरी चालेल.

पत्रक छापायला जाण्याआधी मात्र त्यातली चाचणीची ओळ खोड.

तुझा,
बाबा