ज्यांच्या पेशी माझ्या हाडांत रुजल्या, त्यांना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. दाता आणि रुग्ण यांची ओळख ठरावीक काळ गुप्त ठेवतात, त्यामुळे तुम्ही वयाने माझ्याहून लहान आहात एवढंच मला कळलंय. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कधीतरी तुमच्या वाचनात येईल.

मला रक्ताचा कर्करोग झाला होता. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेचं प्रत्यारोपण, करायचं ठरलं, पण माझ्या भावाचं एचएलए जुळलं नाही. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्केच असते. पेशींच्या पृष्ठभागावरची ही प्रथिनं निम्मी आईकडून येतात, निम्मी वडिलांकडून, आणि त्यांवरूनच शरीर आपलं कोण नि परकं कोण ते ओळखतं. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी 1958 साली त्यातलं पहिलं शोधलं, 1980 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधामुळेच तुमची-माझी गाठ पडली. गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा तुम्ही कधीतरी दात्यांच्या नोंदणीत एचएलए तपासायला देऊन ठेवला होता, कोणासाठी ते माहीत नसताना. आणि फोन आला तेव्हा मागे हटला नाहीत. इंजेक्शनं घेतलीत, रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनला नळ्या जोडून तासन्‌तास पडून राहिलात. माझ्या घरच्यांना हे समजलं तेव्हा आईने देवापुढे तुमच्यासाठी साखर ठेवली.

त्या वेळी केमोने माझी अस्थिमज्जा रिकामी केली होती. तुमच्या पेशींची पिशवी रक्ताच्या पिशवीसारखीच सलाइनच्या स्टँडला लागली. शस्त्रक्रिया वगैरे काही नाही. रक्तातून फिरत त्या पेशींनी माझ्या हाडांची वाट स्वतःच शोधली. हाडांतून निघणारे रासायनिक संकेत त्यांना बोलावतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लागावं, तसं झालं. मात्र ते लागेपर्यंतचे दिवस फार वाईट होते. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य, तोंडात फोड, सारखा ताप. एरवी आपल्याच आतड्यांत नि त्वचेवर निमूट राहणारे जंतूही तेव्हा जिवावर उठू शकतात. मग रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल्स दिसू लागले. जंतू गिळणाऱ्या या पेशी जेमतेम दिवसभर जगतात, म्हणजे मज्जेला त्या अखंड बनवत राहावं लागतं. आता ते काम तुमची मज्जा करते, माझ्या हाडांत बसून.

टी पेशींना, म्हणजे परकं ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, मात्र खूप वेळ लागला. त्यांचं शिक्षण छातीच्या हाडामागच्या थायमसमध्ये होतं, आणि वयाबरोबर थायमस आक्रसत जातो. तोवर घरी कडक पथ्यं. कच्ची कोशिंबीर नाही, बाहेरचं खाणं नाही. ऐरोलीत आमच्या समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, आणि तसल्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात, म्हणून खिडक्या बंद. फुलं-पत्रीही चालत नव्हती, त्यामुळे त्या वर्षी गणपती दिरांकडे बसवला.

एकदा तळहातांवर लाल पुरळ उठलं. तुमच्या टी पेशी माझ्या त्वचेला परकी समजत होत्या. मी घाबरले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की औषधाने हे आटोक्यात ठेवू, पण याच पेशी उरलीसुरली कर्करोगाची पेशीही शोधून मारतात. म्हणजे नुसतं रक्त तयार करणारं काही तुम्ही मला दिलेलं नाही. माझ्या शरीराने ज्या रोगाला परकं मानलंच नव्हतं, त्याला ओळखणारी नजर दिलीत. त्या दिवसापासून मी तुमची जास्तच ऋणी झाले.

माझा रक्तगट बी होता, आता तुमचा ओ झाला आहे. लहानपणच्या लसींची आठवणही जुन्या पेशींबरोबर पुसली गेली, म्हणून धनुर्वात, घटसर्प, पोलिओ सगळ्या लसी पुन्हा घेतल्या. गोवराची सर्वांत शेवटी, कारण तिच्यात जिवंत, क्षीण केलेला विषाणू असतो. निदान दोन वर्षं झाल्याशिवाय आणि प्रतिकारशक्ती सावरल्याशिवाय ती देत नाहीत. तीही झाली. मी पुन्हा शाळेत शिकवते आहे.

भेटीची परवानगी दोघांच्या संमतीने मिळते. मी माझा होकार लिहून दिला आहे. तुम्हाला जमलं तर सहकुटुंब आमच्याकडे जेवायला या. आईला तुम्हाला स्वतःच्या हाताने वाढायचं आहे.

तुमची ऋणी,
ऐरोलीची एक शिक्षिका