पडल्यावर हाड बघता, गोळ्यांची पिशवी पण बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझी आई ७४ वर्षांची, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहते. मागच्या उन्हाळ्यात पहाटे लघवीला उठली आणि उंबऱ्यापाशीच पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते. सगळे म्हणले वय झालं, फरशी गुळगुळीत आहे. मलापण तेच वाटलं. पण घरी आणल्यावर तिची गोळ्यांची पिशवी खाटेवर ओतून एकेक पाकीट वाचत बसलो तर बीपीच्या दोन गोळ्या, एक तालुक्याच्या डॉक्टरांची एक शहरातल्या, नावं वेगळी पण दोन्हीत टेल्मिसार्टनच, एकीत वरून लघवी वाढवणारं औषध, आणि रात्री झोपेसाठी अल्प्राझोलम, ती कधी चालू झाली तिलाच आठवत नाही. त्यात आमच्याकडचं ऊन, घामानं अंगातलं पाणी आधीच कमी.

डॉक्टरांनी झोपवून बीपी मोजलं, मग उभं करून मोजलं, वरचा आकडा ३० नं खाली! उभं राहिल्यावर ३ मिनिटांत २० उतरला तरी घेरी येऊन पडायचा धोका असतो म्हणे.

बाकीच्या गोळ्या पण साध्या नाहीत. सर्दीची क्लोरफेनिरामाइन सुस्ती आणते, पायाच्या मुंग्यांसाठीची प्रेगाबालिन तोल घालवते, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन घेणाऱ्या आजोबांना उठल्या उठल्या घेरी येऊ शकते. आणि आपल्याकडं एकादशी कुणी सोडत नाही, शुगरची गोळी ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर निरंकार राहिलं की शुगर उतरते आणि माणूस जागेवर बसतो. उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारा हो.

पण कुणी हे वाचून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. झोपेची गोळी एकदम तोडली तर घाबरं होतं, फिट पण येऊ शकते, आईची आम्ही हळूहळू दोन महिन्यांत सोडवली, डॉक्टरांना विचारूनच. अल्प्राझोलम २०१४ पासून शेड्युल एच-१ मधी, म्हणजे कडक नियमाच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठी पाहिजे, रजिस्टरला नोंद पाहिजे, तरी आईला रिकामं पाकीट दाखवलं की मिळत होती. याचा मला लै राग येतो.

गावात शिबिरं होतात, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून बीपी बघतात आणि अजून एक गोळी देतात. माझी विनंती एवढीच, आधी घरून पिशवी आणायला सांगा, आणि बीपी एकदा उभं करून पण मोजा, पाच मिनिटं लागतात.

आपला एक वाचक,
परभणी जिल्हा