उलटे आटे

ऑकलंड, १७ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा केवढ्यांदा हसले! "जुने कपडे शिवायला तिकडची नगरपालिका पैसे देते?" आणि तेवढ्यात आईला गॅसवरचं दूध आठवलं, फोन बंद, माझं उत्तर राहूनच गेलं. शेजारचा मुलगा गणपतीला पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते आहे. एक कामही आहे, ते शेवटी.

तर बाबा, पैसे कपडे शिवायचे नाहीत, कचरा डेपोत जाऊ नये याचे आहेत. इथे २००८ साली कचरा कमी करायचा कायदा झाला आणि २००९ च्या जुलैपासून पुरायला नेलेल्या कचऱ्यावर टनामागे १० डॉलर कर बसला. बारा वर्षं तो दहावरच होता. २०२१ मध्ये २० केला आणि मग चढतच गेला. या १ जुलैपासून ६५ झालाय, २०२७ मध्ये ७५ व्हायचाय. डेपोवाला तो सरकारला भरतो आणि अर्थातच आपल्याकडून वसूल करतो. जमलेल्यातले निम्मे देशभरच्या पालिकांना लोकसंख्येप्रमाणे वाटले जातात. ते कचरा कमी करण्यावरच खर्चायचे, रस्त्यातले खड्डे बुजवायला वळवता येत नाहीत. ऑकलंडची पालिका यातून आमच्यासारख्या दुरुस्ती मंडळांना अनुदान देते. आता तुम्ही विचारणार, कचरा संपला तर हे पैसेही संपणार की! संपणार. पालिकेने २०४० पर्यंत शून्य कचरा असं ठरवलंय खरं, पण आपल्या उरुळीच्या कचरा डेपोसारखी इथे रेडवेलच्या डेपोला रोज कचऱ्याच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा तूर्तास काळजी नसावी.

आई, तुला यातलं वेगळंच सांगायचंय. इथे भांडेवाली येत नाही. तू तीन साड्या आणि बाबांच्या दोन पँटी पुढ्यात टाकून पाऊण तास घासाघीस करायचीस, आणि शेवटी ते झाकणाचं पातेलं मिळवायचीसच. इथे असं दारावर कुणीच येत नाही. भंगारवाल्याची हाळी नाही, रद्दीवाला नाही. वर्षातून एकदा पालिकेची गाडी आधी सांगून बोलवायची, मोडकं कपाट, गाद्या, जुना टीव्ही आवारात काढून ठेवायचा. त्यातलं बरं सामान बाजूला काढून संस्थांना देतात, आणि वाइउकू, हेलेन्सव्हिल, डेव्हनपोर्ट अशा ठिकाणी लोकांनीच चालवलेली केंद्रं आहेत, तिथल्या दुकानात जुनं सामान स्वस्तात मिळतं. माझं हे लिहायचं टेबल तिथलंच. पण भांडेवालीच्या एका बोचक्याचं काम करायला कायदा, कर, अर्ज आणि समिती लागते, हे बघून पहिल्यांदा मलाही हसूच आलं होतं.

आमचं मंडळ म्हणजे माउंट रॉस्किलला एका हॉलमध्ये महिन्यातल्या दोन शनिवारी जमणारे आम्ही नऊ-दहा जण. बंद पडलेली इस्त्री, उसवलेली पिशवी, सायकल, काहीही घेऊन या, शेजारी बसा आणि दुरुस्त करून न्या. याला 'रिपेअर कॅफे' म्हणतात, २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमला सुरू झालेली कल्पना. (मला तर ते आपल्या ओट्यावरचं रविवार सकाळचं बाबांचं दुकान वाटतं. फक्त इथे चहा मागावा लागत नाही.) हॉलचं भाडं, दोन शिलाई मशीन आणि विजेची वस्तू तपासायचं यंत्र, एवढ्यासाठी पैसे हवे होते. पहिला अर्ज मी लिहिला. "जुन्या वस्तूंबद्दल आपुलकी वाढेल" वगैरे अगदी मनापासून लिहिलं. नामंजूर! चूक माझीच. किती कचरा वाचणार, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. कर टनावर, तर हिशेब किलोवर, इतकी साधी गोष्ट.

मग तो बॅगा तोलायचा काटा बाहेर काढला. आठवतो? निघायच्या आदल्या रात्री बाबा हातात बॅग लटकवून, डोळे बारीक करून आकडा वाचत होते आणि तू २३ किलोच्या वर गेलं म्हणून मेतकूट आत-बाहेर करत होतीस. तोच. आता हॉलच्या दाराशी मी तो घेऊन बसते. आलेली प्रत्येक वस्तू कापडी पिशवीत घालून हुकाला अडकवायची आणि वहीत मांडायची. सहा शनिवारांची वही जोडून दुसरा अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

पण वजनाचं एक वाईट आहे. ब्लाउजची बाही बदलायला दीड तास जातो आणि वहीत चढतात ९० ग्रॅम. कुणी लोखंडी खुर्चीला एक स्क्रू पिळून दिला की आठ किलो! अशाने आमच्यातलाच एक जण म्हणायला लागला, शिवण बंद करू, फर्निचरच घेऊ. मी भांडले. शिवणाच्या टेबलाशी बायका बोलतात, एकमेकींना काजं करायला शिकवतात, ते काट्यावर कुठे येणार? सध्या मशीन आहेत तिथेच आहेत.

मागच्या शनिवारी फिजीच्या एक आजी मिक्सर घेऊन आल्या. भारतातूनच आणलेला. मोटर घरघर फिरते, भांड्यातलं पातं जागचं हलत नाही. मी बघितल्याबरोबर ओळखलं, कपलर गेला, मोटरच्या दांडीवरची ती दातेरी चकती. दात पार झिजून गोल झाले होते. आमचे इलेक्ट्रिशियन आजोबा, चाळीस वर्षं वायरिंग केलेले, त्यांनी तो पकडीत धरून डावीकडे जोर लावायला सुरुवात केली. मी ओरडलेच, "उलटे आटे आहेत!" बाबा, माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला. खालून मोटरची दांडी धरली, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला, आणि निघाला की! आजोबा बघतच राहिले. आजी म्हणाल्या, "हमार बिटिया जाने है."

फक्त नवा कपलर इथे मिळेना. सँड्रिंगहॅमच्या सगळ्या भारतीय दुकानांत विचारलं. सगळे नवा मिक्सर दाखवतात. वहीत मिक्सर ३.४ किलो लिहिलाय, पुढे 'बाकी'.

म्हणून काम असं. झिजलेला कपलर पाकिटात घातलाय. बाबा, तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन तो दाखवा आणि तसेच सहा आणा, आजींच्या ओळखीत अजून दोघींचे असेच पडून आहेत. मुलगा १० सप्टेंबरला परत निघतोय. त्याच्याबरोबर लाडू, चकली काही देऊ नका, इथे विमानतळावर खाण्याची प्रत्येक गोष्ट जाहीर करावी लागते, विसरला तर त्या पोराला ४०० डॉलर दंड. आणि दुकानदार म्हणेल, "कशाला काका, अख्खा मिक्सरच घ्या ना." ऐकू नका.

तुमची,
मंजू