आबांच्या ट्रंकेबद्दल सुभेदार काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सुभेदार काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पलटणीतल्या वस्तू नातवंडांसाठी नीट लावून ठेवण्याचे काम आपल्यामुळे तडीस गेले, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. २०१९ च्या महापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरले, तेव्हा आबांचा नंबर आणि नाव पांढऱ्या रंगात रंगवलेली ती काळी ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. परंतु तिच्यातले काय कशाचे, हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते.

आपण आलात आणि आधी माझ्या धाकट्या भावाच्या हातातले ब्रासो काढून घेतलेत. पदक घासत राहिले की किनारीवर कोरलेले नंबर, हुद्दा आणि नाव झिजते आणि मग ते कोणाचेही पदक होते, हे आपण जरा रागानेच सांगितलेत, ते बरे झाले. १९७१ च्या लढाईची आबांची पदके, म्हणजे ‘संग्राम मेडल’ आणि पाच टोकांचा ‘पूर्वी स्टार’, दोघा भावांत वाटून घेण्याचा विचारही त्यानंतर कोणी काढला नाही. पत्रांना लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको आणि फोटोमागे पेनाने लिहायचे नाही, हे सारे आम्ही पाळले आहे.

खरे ऋण मात्र त्या पत्रांचे आहे. ऊस तुटला का, म्हैस व्याली का, माझी काळजी नसावी, यापलीकडे आबांच्या अंतर्देशीय पत्रांत काहीच नसे आणि मुलांना ती कंटाळवाणी वाटत. लढाईवरच्या जवानाला आपले ठिकाण लिहिण्याची मुभा नसते, पण पत्त्यातला ‘९९ एपीओ’ हा लष्करी टपालाचा नंबर पूर्वेकडचा असतो, हे आपण दाखवलेत आणि तीच पत्रे मुले तारखा लावून वाचू लागली. आबांची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, ब्रह्मपुत्रा ओलांडून तिथल्या जमालपूर गावाच्या पाठीमागे गेली आणि टांगाईलकडचा रस्ता अडवून बसली. शरण येण्याविषयी आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी धाडलेल्या चिठ्ठीला जमालपूरचे पाकिस्तानी कमांडर सुलतान अहमद यांनी कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिले, हा प्रसंग तर मुलांनी आपल्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघण्याचा पाकिस्तानी फौजेचा प्रयत्न फसला आणि ११ तारखेला जमालपूर पडले.

त्या रात्री आमचे आबा काय करत होते, असे थोरल्या नातवाने विचारले, तेव्हा आपण म्हणालात, “मी दुसऱ्या कंपनीत होतो. जे पाहिले नाही ते सांगणार नाही आणि तुम्हीही लिहू नका.” मुलगा थोडा हिरमुसला. आमच्याकडे लग्नाकार्यात आबांच्या पराक्रमाला दरवर्षी नवे शेपूट फुटत असे, त्यामुळे हे कोणीतरी सांगायलाच हवे होते, आणि ते आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाचे आम्ही ऐकलेही नसते. आबांची हकिगत लिहिलेल्या वहीत त्या रात्रीपुढची जागा कोरी सोडली आहे.

टोपीवरचा लाल-हिरवा तुरा, डिस्चार्ज बुक आणि पत्रे आता एका पेटीत आहेत. वहीची आणि फोटोंची एक प्रत सोबत पाठवीत आहे. बराकीसमोरच्या फोटोत आबांच्या डावीकडे उभ्या असलेल्या जवानाचे नाव आठवले, तर कृपया मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी येऊ तेव्हा उतरवून घेऊ.

आपली नम्र,
आबांची थोरली लेक
कोल्हापूर