काइतुना नदीकाठच्या मातुआंना

तेना कोए, मातुआ. नमस्कार, काका.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुम्हीच तसं सांगितलं होतंत. तुमच्या माओरी मराएवर, म्हणजे गावच्या एकत्र जमायच्या जागी, रात्री गाद्या घालून झाल्यावर सगळे ओळीने आपली ओळख सांगत होते. माझी पाळी आली आणि मी इंग्रजीत सुरुवात केली, तर तुम्ही हात वर करून थांबवलंत. म्हणालात, "आधी तुझ्या भाषेत बोल. तुझ्या आज्या-पणज्यांना कळू दे, तू कुठे बसली आहेस ते." तेव्हा आभारही आधी मराठीतच. इंग्रजी पत्र तुमच्या लेकीकडे वेगळं पाठवलं आहे.

आणि ते असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पाठीवर सॅक टाकून न्यूझीलंडला निघणारी मराठी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत. रोटोरुआला बसमधून उतरायचं, सकाळी राफ्टिंग, संध्याकाळी हाका नाच आणि जेवण, दुसऱ्या दिवशी ताउपोची बस, असा साधारण बेत असतो. माझा आणि माझ्या मैत्रिणीचाही तोच होता. तुम्ही भेटलात म्हणून तो बदलला. असं कुणीतरी भेटू शकतं आणि भेटलं तर थांबावं, हे त्यांच्याही कानावर पडावं असं मला वाटतं.

काइतुनावरच्या ओकेरे फॉल्सला आम्ही आलो त्या दुपारी तुम्ही राफ्ट उलट्या करून धूत होतात. माझ्या मैत्रिणीला त्याच दिवशी उतरायचं होतं. मी तुम्हाला धबधब्याबद्दल विचारलं. तुम्ही धबधब्याबद्दल काहीच बोलला नाहीत, "तू कुठल्या नदीची?" असं विचारलंत. मी कृष्णेचं नाव सांगितलं आणि मग थांबताच आलं नाही. सांगलीतला २०१९ चा ऑगस्ट, आयर्विन पुलाखाली चढत गेलेलं पाणी, गल्लीतून फिरणाऱ्या बोटी, आमच्या खालच्या मजल्यावरचं कपाटाएवढं पाणी आणि त्याचा तो वास. पोहता येत असूनही वाहत्या पाण्याशी तेव्हापासून माझं पटत नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात की आज राफ्टमध्ये बसायचं नाही. आज नुसतं काठाने चालून ये, उद्या बघू. समोर पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "आज नको" म्हणणं सोपं नसतं. माझे पहिले आभार त्यासाठी.

त्या काठच्या वाटेवर तुम्ही स्वतः बरोबर आलात. पोंगा नेच्यांच्या झाडांमधून वाट जाते आणि खाली घळईत हिरवंगार पाणी. १९०१ साली तिथे वीजनिर्मिती केंद्र उभं राहिलं आणि रोटोरुआला वीज मिळाली, त्याचे अवशेष तुम्ही दाखवलेत. पुढे कड्यात खोदलेल्या पायऱ्या उतरून तुतेआच्या गुहांपाशी आपण थांबलो. लढायांच्या काळात बायका आणि मुलं दोरांना धरून इथे उतरायची आणि लपून राहायची, असं सांगताना तुमचा आवाज बदलला होता. तुतेआ हा तुमच्या पूर्वजांतला सरदार, आणि राफ्ट ज्या सात मीटर उंचीच्या धबधब्यावरून उडी घेते त्यालाही त्याचंच नाव. राफ्टने उतरता येणाऱ्या धबधब्यांत जगात सर्वांत उंच म्हणून त्याची जाहिरात होते. तुम्ही मात्र उंचीच्या आधी गुहेतल्या मुलांबद्दल बोललात. नदीकडे बघायची माझी नजर तिथेच हलली. मला भीती वाटत होती ती पाण्याची. त्याच पाण्याच्या आवाजाने एके काळी लेकरांना झाकून घेतलं असेल, असं तिथे उभं राहून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्मेट, लाइफ जॅकेट घालून सगळे तयार झाल्यावर तुम्ही पाण्यापाशी उभं राहून काराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हटलीत. आमच्या राफ्टमधली परदेशी मुलं गप्प झाली. मला ते परकं वाटलंच नाही. आमच्याकडे नदीत पाऊल टाकण्याआधी ओंजळीत पाणी घेऊन कपाळाला लावतात, आणि आजी तर पुलावरून जाताना एसटीच्या खिडकीतून नाणं टाकून हात जोडायची.

मग तुमची शिकवणी. पाय पुढच्या फुगवट्याखाली घट्ट अडकवायचा. वल्ह्याच्या टोकाची मूठ कधीच सोडायची नाही, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. "खाली" म्हटलं की राफ्टच्या आत बसायचं, दोर धरायचा आणि हनुवटी छातीला लावायची. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय वर, बोटं दिसली पाहिजेत, पाठीवर तरंगत राहायचं. धबधब्याखाली पडलात तर अंगाचं मुटकुळं करायचं आणि पाणी वर सोडेपर्यंत धीर धरायचा. प्रत्येक सूचनेनंतर तुम्ही माझ्याकडे बघून "का?" विचारत होतात आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नव्हतात. बाकीच्यांना कदाचित कंटाळा आला असेल. मला मात्र कारण कळल्याशिवाय धीर येत नाही, हे तुम्ही आदल्या दिवशीच ओळखलं होतंत.

काइतुना ही ग्रेड पाचची, म्हणजे बरीच अवघड नदी, एकामागून एक उतार आणि मध्ये श्वास घ्यायला शांत डोह. आधीचे छोटे धबधबे झाले आणि तुतेआच्या वरच्या डोहात तुम्ही राफ्ट कडेला धरून ठेवलीत. मला वाटलं होतं, तिथे मला पुन्हा २०१९ आठवेल. पण आठवल्या त्या आदल्या दिवशीच्या पायऱ्या. मग तुमची हाक, चार जोरकस वल्ही, "खाली!", आणि पुढचं टोक नाहीसं झालं. आपण पूर्ण पाण्याखाली गेलो. कानात फक्त धबधबा. नाकात पाणी, हातात दोर, शेजारणीचं कोपर माझ्या बरगडीत. मग उजेड. राफ्ट उलटली नव्हती आणि मी रडत होते, हसतही होते. तुम्ही मागून खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "आता तिला सांग, भेटून बरं वाटलं." मी नदीला मराठीत सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

खाली राफ्ट उचलून नेताना तुम्ही जी हकीकत सांगितलीत ती मी इथे आल्यापासून जमेल त्याला सांगतेय. रोटोरुआ शहराचं सांडपाणी तळ्यात जाऊन तळं बिघडत चाललं होतं, तेव्हा उपाय म्हणून ते प्रक्रिया करून नळाने काइतुनात सोडायचं ठरलं. म्हणजे तळं वाचवायचं आणि नदीला द्यायचं. तुमच्या न्गाती पिकिआओ लोकांनी माओरींचे दावे ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. दावेदारांत सर चार्ल्स बेनेट होते, दुसऱ्या महायुद्धात माओरी बटालियनचं नेतृत्व केलेले. म्हणणं साधं होतं: पाणी कितीही शुद्ध केलेलं असो, मैला वाहून आलेलं पाणी अन्न देणाऱ्या पाण्यात थेट मिसळायचं नाही, त्याला आधी जमिनीतून जाऊ द्या. ज्या नदीतल्या वामांवर आणि खाली माकेतूच्या खाडीतल्या शिंपल्यांवर पिढ्या जगल्या, तिच्याबद्दलचं हे म्हणणं. १९८४ साली न्यायाधिकरणाने अहवाल दिला: नळाची योजना सोडा, सांडपाणी जमिनीवर सोडण्याचा मार्ग धरा. पुढे ते पाणी फाकारेवारेवाच्या जंगलात फवारलं जाऊ लागलं.

हे ऐकून मी गप्प झाले होते, आठवतं? तुम्हाला वाटलं मी दमले. मला शेरीनाला आठवत होता. सांगलीचा शेरीनाला शहराची घाण घेऊन कृष्णेत उतरतो आणि त्यावरची आश्वासनं ऐकत आमची एक अख्खी पिढी मोठी झाली. कृष्णेत मेलेल्या माशांचा खच आम्ही पाहिलाय. आम्ही तिला माई म्हणतो, तिची ओटी भरतो, घाटावर दिवे सोडतो. तुम्हीही नदीला पूर्वज मानता, पण मानता म्हणून तिच्यासाठी कागद लिहिलेत, साक्षी दिल्यात, म्हाताऱ्यांना समितीसमोर बसवलंत. आमच्याकडे पाण्यासाठी भांडणारे लोक नाहीत असं नाही. खूप चिवट लोक आहेत. पण भक्ती आणि अर्ज एकाच हाताने करायचे असतात, हे मला तुमच्या नदीवर उमगलं. परत आल्यावर मी सांगलीतल्या नदीसाठी काम करणाऱ्या मंडळींना जाऊन भेटले. आता त्यांच्याबरोबर पाण्याचे नमुने घ्यायला जाते, माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहिते. तुम्हाला हे कळावं, हे पत्राचं मोठं कारण आहे.

आता मराएबद्दल. तुम्ही बोलावलंत तेव्हा मैत्रिणीला वाटलं, तिथेही एखादा कार्यक्रम असेल. तिथे तर तुमच्या घरचं, गावचं जमणं होतं. फाटकाबाहेर आम्हाला उभं केलंत, बायकांना मध्ये घ्यायला सांगितलंत, आणि आतून त्या वृद्ध आजींची कारंगा, म्हणजे स्वागताची साद, आली. त्या आवाजाने अंगावर काटा आला, तो अजून आठवला तरी येतो. आमच्या बाजूने उत्तर द्यायला तुम्ही तुमच्याच एका आत्याला पाठवलं होतंत, पाहुण्यांची बाजू रिकामी राहू नये म्हणून. एवढा विचार! भाषणं एकदा तिकडून, एकदा इकडून झाली, आणि ही 'ते आरावा' या तुमच्या जमातगटाची रीत आहे हे तुम्ही कानात सांगत होतात. प्रत्येक भाषणामागे गाणं हवं, म्हणून आमच्या बाजूने मी आजीची जात्यावरची ओवी म्हटली. मग ओळीने होंगी, कपाळाला कपाळ, नाकाला नाक, एकच श्वास.

फारेनुईत, म्हणजे मराएवरच्या मोठ्या सभाघरात, जाताना चपला बाहेर काढल्या, तेव्हा मी घरी आल्यासारखी झाले. आढं हा पूर्वजाचा कणा आणि वासे म्हणजे त्याच्या बरगड्या, आपण त्याच्या पोटात झोपतोय, हे तुम्ही सांगितल्यावर रात्री कितीतरी वेळ मी वर बघत होते. उशीवर बसायचं नाही, जेवायच्या टेबलावर बसायचं नाही, भांडी पुसायचं फडकं कपड्यांबरोबर धुवायचं नाही. माझी आई हे ऐकून म्हणाली, "मग सोवळंच की!" मी तिला सांगितलं की आमच्या सोवळ्याने माणसांनाही दाराबाहेर ठेवलं, आणि मला तर त्या दारातून हाक मारून आत घेतलं होतं. ती थोडा वेळ बोलली नाही.

स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना माझा वेगळा नमस्कार सांगा. मी मांस खात नाही हे कुणी, कधी सांगितलं मला माहीत नाही, पण हांगीच्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर माझ्यासाठी वेगळी टोपली ठेवलेली होती. कुमारा म्हणजे रताळी, लाल भोपळा, कोबी. मातीच्या धुराचा वास लागलेली ती रताळी एकादशीला घरी उकडलेल्या रताळ्यांहून गोड होती, हे आईला सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. फाकारेवारेवा गावात पर्यटकांसाठी होणारं गाणं-नाच बघून आल्यावर मैत्रीण म्हणाली होती की मराएवरचं खरं, ते सगळं दिखाऊ. तुम्ही तिला शांतपणे थांबवलंत. १८८६ च्या जून महिन्यात तारावेरा ज्वालामुखी फुटला, गरम झऱ्यांनी घडवलेल्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांचं ते आश्चर्य आणि तिथली गावं गेली, आणि वाचलेल्या तुहोउरांगी लोकांना फाकारेवारेवाच्या लोकांनी जागा दिली. त्या रात्री पर्यटकांना वाट दाखवणाऱ्या गाइड सोफियाने आपल्या घरात साठहून अधिक माणसांना आसरा दिला. पाहुण्याला वाट दाखवणं हे त्याच्याही आधीपासून त्या घराण्यांचं काम आहे, त्यात पैसे मिळतात म्हणून ते खोटं होत नाही, असं तुम्ही म्हणालात. मैत्रीण दुसऱ्या दिवशी परत तिथे गेली, तिकीट काढून, आणि पहिल्या रांगेत बसली. हे तिने मला तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.

मातुआ, तुम्ही म्हणाला होतात, तुम्हाला कृष्णा बघायची आहे. या. जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा ती कुणाचीच नसते. डिसेंबर-जानेवारीत या. हरिपूरला वारणा तिला मिळते तिथे आपण सकाळी जाऊ. त्याच गावात जमिनीखाली हळद साठवायची पेवं असत. जी उरली आहेत ती दाखवीन, तुम्हाला जमिनीच्या पोटातल्या गोष्टी आवडतात. शेरीनालाही दाखवीन, लपवणार नाही. राफ्टिंग करायचं असेल तर कोलाडला कुंडलिका आहे, धरणातून सकाळी पाणी सोडतात तेव्हा तिला वेग येतो. तुमच्या मानाने ती फार सौम्य आहे, पण तिथल्या मुलांना तुम्ही चार गोष्टी शिकवाल. आईने तुमच्यासाठी भडंगाचा डबा आणि चादरी आत्ताच काढून ठेवल्या आहेत. तारीख कळवा.

तुमची,
कृष्णाकाठची पाहुणी
सांगली