आधी उठायची वेळ, मग बाकीचं

पुणे, 13 जून 2021

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

20 एप्रिलला कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा जो तो तुला ‘सुटलीस बाई’ म्हणाला. वर्षभर जिच्यासाठी राबलीस ती परीक्षा नाही, निकालात 50 गुण नववीचे धरणार, निरोप समारंभ नाही, अकरावी प्रवेशाच्या परीक्षेची, म्हणजे सीईटीची, तारीख नाही. यात सुटण्यासारखं काय आहे? तुला वाईट वाटतंय आणि त्याला कारण आहे. त्याला आळस म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, मग ते घरातलं कुणी का असेना.

‘मन लागलं की करेन’ असं तू म्हणतेस. मन खचलेलं असताना हा क्रम उलटा होतो. आधी हातून काहीतरी घडतं, मन मागाहून लागतं, म्हणून मनाची वाट बघायची नाही. सुरुवात मात्र अभ्यासाने नको, झोपेपासून कर.

रात्री तीनला झोप आणि दुपारी बाराला जाग हे काही तुझ्या एकटीचं नाही. वयात येताना झोपेची वेळ आपोआप एक-दोन तास पुढे सरकते, कारण झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. शाळेची घंटा ही वेळ रोज मागे खेचायची. ती घंटाच थांबली, आणि खोलीत दिवसभर पडदे ओढलेले.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्याच दिवशी दहाला आडवे होतात. शरीर तयार नसतं, दोन तास कूस बदलण्यात जातात आणि हात फोनकडे जातो. झोप हुकमी लागत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. उद्या गजर साडेअकराचा लाव. तीन दिवस तीच वेळ ठेव, मग अर्धा तास अलीकडे आण. या हिशेबाने साडेसातवर यायला चार आठवडे लागतील. घाई केलीस तर झोप अपुरी पडेल, आणि तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागतेच.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत गच्चीवर जा आणि अर्धा तास थांब. ढग असले तरी चालेल. पावसाळी दिवसाचा उजेडही बाहेर हजारो लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत तो दोन-तीनशेच्या पुढे क्वचित जातो. झोपेची वेळ मागे खेचायचं काम हा उजेड करतो, खिडकीच्या आत बसून ते नीट होत नाही. दुपारी तीननंतर कॉफी नको, कारण निम्मं कॅफिन अंगातून जायलाच पाचेक तास लागतात. दुपारची डुलकी वीस मिनिटांची, तीही तीनच्या आत. बहुतेकांचं गणित रविवारी बिघडतं, म्हणून सुट्टीलाही तासाभराहून जास्त उशीर करू नकोस.

आणि पलंगावरून ऑनलाइन तास, पलंगावरच जेवण, तिथेच मालिका, हे बंद. पलंग म्हणजे जागं राहण्याची जागा अशी सवय शरीराला लागते. लॅपटॉप खाली चौरंगावर ठेव. रात्री वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर सरळ उठ, मंद दिव्यात काहीतरी साधं वाच, डोळे जड झाले की परत ये.

दिवसासाठी तीनच कामं ठरव: एक अंगाचं, एक हाताचं, एक माणसांचं. जिना चार वेळा चढणं-उतरणं, कणीक मळणं, मैत्रिणीला फोन. प्रत्येकाआधी मनाला 0 ते 10 मध्ये गुण दे, झाल्यावर पुन्हा दे आणि वहीत लिहून ठेव. दोनाचे तीन झाले तरी ते खरे मान. पहिल्याच दिवशी सहा तासांचं वेळापत्रक आखलंस तर तिसऱ्या दिवशी ते मोडेल आणि दोष तू स्वतःला देशील. काम अवघड वाटलं तर ते पाच मिनिटांचं कर.

मैत्रिणीशी बोलायचं ते आवाजी फोनवर. मेसेजवर निळी टिक दिसते, उत्तर येत नाही, आणि मधली पोकळी मन वाईटानेच भरतं. व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा सतत समोर असल्याने थकवा येतो, आपला चेहरा लपवायची सोय आहे, ती वापर.

आता ऑक्सिमीटरचं, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या यंत्राचं. छातीत धडधडलं की तू तो बोटाला लावतेस. घाबरल्यावर बोटं गार पडतात, नेलपॉलिशही असतं, मग आकडा कमी दिसतो आणि धडधड वाढते. बोट चोळून गरम कर, नेलपॉलिश काढ, हात स्थिर ठेव, मिनिटभर थांबून आकडा बघ. आजारपण नसेल तर रोज मोजायची गरजच नाही. ताप-खोकला असेल, किंवा आकडा 94 च्या खालीच राहिला, तर लगेच आम्हाला सांग, डॉक्टरांना फोन करू.

घाबरल्यावर ‘मोठा श्वास घे’ हा सल्ला बरेचदा उलटतो. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि वाटतं आता आपलं काही खरं नाही. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, हळू, पोट हलेल इतकाच. पाच मिनिटं कर. मन शांत असताना रोज सराव केलास तरच ऐन वेळी जमेल.

काळज्यांसाठी संध्याकाळी सहाची पंधरा मिनिटं राखून ठेव. रात्री मनात काही आलं तर ‘उद्या सहाला’ असं कागदावर टिपून ठेव. सहाला त्यातलं आपल्या हातात काय आहे ते निवडायचं. सीईटीची तारीख आपल्या हातात नाही, गणिताचं एक प्रकरण आहे.

एवढं करूनही दोन आठवडे बहुतेक वेळ उदास किंवा चिडचिडी राहिलीस (तुझ्या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्याच रूपात येते), चित्रकलेतही रस उरला नाही, भूक बदलली, तर आपण मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांमुळे फोनवर किंवा व्हिडिओवरही तपासणी होते. तू त्यांना काय सांगितलंस ते मी खोदून विचारणार नाही.

जगावंसं वाटत नाही किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते, असं एकदाही मनात आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही. रात्री कितीही वाजलेले असोत, मला उठव. शब्द सुचले नाहीत तर नुसती येऊन बस. मला सांगणं जमलं नाही तर 1098 लाव, ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि पैसे लागत नाहीत.

उद्याचा गजर साडेअकराचा. गच्चीची किल्ली फ्रिजवर ठेवते आहे. पहिला आठवडा मीही वर येईन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

तुझी,
आई